घरभाड्याच्या मर्यादेचा इतिहास आणि आमचा वाळूज परिसर

आमच्या वाळूज गावी पूर्वी भाड्याने राहणारा मनुष्य शोधूनच काढावा लागे. शेतकरी, कारागीर, बलुतेदार हे सर्व आपापल्या धाब्याच्या घरांत पिढ्यानपिढ्या नांदत होते. घर लहान असो वा मोठे, ते स्वतःचे असे. गावात भाड्याने राहत ते बदलीवर आलेले शिक्षक, तलाठी किंवा असाच एखादा नोकरदार. त्यांच्याकडून जे घेतले जाई त्यास आमच्या मराठवाड्यात भाडे न म्हणता किराया म्हणत, आणि तो ठरविताना कायद्याचे पुस्तक कोणी उघडीत नसे. अशा गावात आज वर्षाकाठी जेवढे तंटे शेतीच्या बांधावरून होत नाहीत, तेवढे खोलीच्या किरायावरून होतात. हा पालट कसा झाला, भाडेवाढीस कायद्याने मर्यादा कधी व कशासाठी घातली, आणि त्या मर्यादेचा आमच्या परिसराशी संबंध काय, ह्याचा थोडक्यात इतिहास समाजबांधवांपुढे ठेवावा, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आम्ही वकील नव्हे. आमचे आयुष्य फळा आणि खडू ह्यांच्या संगतीत गेले. तथापि मंडळाच्या बैठकींतून ह्या विषयावरचे वाद ऐकताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. भाडेकरू बांधव म्हणतो, ‘‘सरकारी कायद्याने शेकडा चार रुपयांहून अधिक वाढ घेताच येत नाही.’’ घरमालक बांधव म्हणतो, ‘‘घर माझे, किराया माझा, परवडत नसेल त्याने दुसरी खोली पाहावी.’’ दोघेही आपापल्या बाजूने प्रामाणिकपणे बोलत असतात, आणि दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते. उरलेले अर्धे समजण्यासाठी इतिहासात शिरल्यावाचून गत्यंतर नाही.

मर्यादेचा उगम

घरभाड्यावर सरकारने बंधन घालावे ही कल्पना युद्धातून जन्मास आली. सन १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी जहाजबांधणीच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांची रीघ लागली. घरे तेवढीच राहिली आणि माणसे वाढली. मालकांनी भाडी चढविली. घरातील कर्ते पुरुष रणांगणावर असताना त्यांच्या बायकामुलांना घराबाहेर काढण्याच्या नोटिसा निघू लागल्या. तेव्हा मेरी बार्बर नावाच्या एका गृहिणीच्या पुढाकाराने तेथील स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. सन १९१५ चा हा भाडेसंप इतका पसरला की, त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर बांधून टाकावी लागली.

हेच लोण लवकरच मुंबईस पोहोचले. मुंबईत घरांची टंचाई काही नवी नव्हती. सन १८९६ च्या प्लेगने गिरणगावातील कोंदट चाळींचे भयानक दर्शन जगास घडविले होते, आणि त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. परंतु ट्रस्टने गलिच्छ वस्त्या पाडल्या त्या वेगाने नवी घरे उभी राहिली नाहीत. महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, बांधकामाचे साहित्य मिळेनासे झाले, आणि भाडी आकाशास भिडली. तेव्हा सन १९१८ मध्ये मुंबई सरकारने युद्धकालीन भाडेनिर्बंधाचे कायदे केले. दिनांक १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरावयाचे, असे त्यांचे सूत्र होते. ‘प्रमाण भाडे’ हा जो शब्द पुढे सर्वतोमुखी झाला, त्याचे मूळ येथे आहे. एक तारीख निवडावयाची, त्या दिवशीचे भाडे योग्य मानावयाचे, आणि त्यावर वाढीस कुंपण घालावयाचे, ही युक्ती त्या काळापासून आपल्याकडे रूढ झाली. त्याच सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकीर्दीत १९२० साली डेव्हलपमेंट खाते निघाले. ते कायदा करून थांबले नाही. वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे त्याने चाळी बांधल्या. त्यांस लोक आजही बी.डी.डी. चाळी म्हणून ओळखतात.

पहिले युद्ध संपले आणि ते निर्बंध कालांतराने उठले. दुसरे महायुद्ध आले आणि ते पुन्हा बसले. मुंबई प्रांतात १९३९ व १९४४ साली असे कायदे झाले, आणि स्वातंत्र्यानंतर ते एकत्र करून १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. तो दिनांक १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे मुंबईत येत होते, त्यामुळे त्याची निकड उघड होती. ह्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण धरले. जोवर भाडेकरू प्रमाण भाडे व कायद्याने मान्य केलेली वाढ देत आहे वा देण्यास तयार आहे, तोवर मालकास त्यास विनाकारण काढता येणार नाही, असे संरक्षण त्याने दिले. पागडी घेण्यास मनाई केली आणि भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक केले.

एका राज्यात तीन कायदे

आता आमच्या मराठवाड्याकडे वळू. आमचा प्रांत त्या काळी निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, म्हणून मुंबईच्या कायद्याशी आमचा संबंध नव्हता. हैदराबाद सरकारने युद्धकाळात १३५३ फसलीमध्ये घरभाडे नियंत्रणाचा हुकूम काढला होता. नव्या पिढीस फसली सन ठाऊक नसेल, म्हणून सांगतो की फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन साधारणपणे निघतो. म्हणजे ही गोष्ट १९४३-४४ ची होय. त्या वेळची भाडी हाली शिक्क्याच्या रुपयांत चालत, आणि हालीचे ७ रुपये म्हणजे कलदार ६ रुपये असा हिशेब होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढे लोकनियुक्त विधानसभेच्या काळात १९५४ साली ‘हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व भाडेपट्टा) नियंत्रण कायदा’ झाला. मराठवाड्याच्या शहरांतील घरमालक व भाडेकरू ह्यांचे संबंध पुढे जवळजवळ सेहेचाळीस वर्षे ह्याच कायद्याने बांधले गेले. ह्या कायद्यात भाडेनियंत्रक नावाचा अधिकारी असे. अर्ज झाल्यास वाजवी भाडे तो ठरवी, आणि मालकास घर खाली करून घ्यावयाचे झाल्यास कायद्यातील कारण त्याच्यापुढे सिद्ध करावे लागे.

दिनांक १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. विदर्भही त्याच दिवशी आला. परंतु राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ११९ व्या कलमाने असे ठरले होते की, सक्षम विधिमंडळ बदल करीपर्यंत ज्या प्रदेशास जो कायदा लागू होता तोच पुढे चालावा. म्हणून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा एकाच मराठी राज्यात घरभाड्याचे तीन कायदे नांदत होते. जुन्या मुंबई इलाख्यात १९४७ चा मुंबई कायदा, विदर्भात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश, आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा.

ह्याची मौज अशी की, वाळूजहून नगरच्या वाटेने निघून कायगाव-टोक्याचा गोदावरीचा पूल ओलांडला की कायदा बदले. औरंगाबाद शहरातील भाडेकरूने भाडेनियंत्रकाकडे जावयाचे, तर नगरच्या भाडेकरूने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावयाची. अजिंठ्याचे डोंगर ओलांडून बुलढाण्याकडे गेले तर तिसराच प्रकार. तेथे मालकास घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीच भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. भाषा एक, राज्य एक, परंतु भाडेकरूचे हक्क नदी आणि डोंगर पाहून बदलत.

ह्या काळात औरंगाबाद शहरात भाडेकरूंची संख्या वाढविण्यास विद्येचाही हातभार लागला. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले, औरंगाबादेस सुरू झाले, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. खेड्यापाड्यांतील मुले शिक्षणासाठी शहरात येऊ लागली. त्यांना खोली मिळविताना भाड्याबरोबरच जातीचाही प्रश्न विचारला जाई. निरनिराळ्या समाजांनी ठिकठिकाणी आपापली वसतिगृहे काढली, त्यामागे हेही एक कारण होते, हे समाजाच्या स्मरणिकेत नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. भाड्याला कायद्याने मर्यादा घालता आली. परंतु खोलीच न देणाऱ्याच्या मनाला कायदा मर्यादा घालू शकला नाही. ते काम समाजांना स्वतः करावे लागले.

गोठलेले भाडे आणि ढासळलेल्या भिंती

कायद्याचा हेतू चांगला होता ह्यात संशय नाही. लाखो गरीब कुटुंबे मुंबईसारख्या शहरात टिकून राहिली ती त्याच्या आधारावर. परंतु एखादे औषध दुखणे असेपर्यंतच घ्यावयाचे असते, ते आयुष्यभर घेतले तर निराळे दुखणे उद्भवते, तसे येथे झाले. मुंबई कायदा हा मुळात मुदतीचा कायदा होता. परंतु त्याची मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली आणि १९४० चे भाडे मात्र तसेच राहिले. धान्य, कापड, चुना, सिमेंट, गवंड्याची मजुरी ह्या सर्वांचे भाव चढत गेले. ज्या खोलीचे भाडे महिना दहा रुपये, तिच्या छपराची दुरुस्ती मालकाने कशातून करावयाची? त्याने दुरुस्ती सोडून दिली. इमारती जीर्ण झाल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या, माणसे दगावली. अखेर १९६९ मध्ये सरकारला मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्ती व पुनर्बांधणीसाठी निराळे मंडळ स्थापन करणारा कायदा करावा लागला, आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला.

दुसरा परिणाम असा की, पागडी कायद्याने बंद असूनही चोरवाटेने वाढली. ज्या खोलीचे भाडे नाममात्र, तिचा ताबा मात्र हजारो रुपयांना विकला जाऊ लागला. तिसरा परिणाम म्हणजे नवी घरे भाड्याने देण्यास लोक कचरू लागले, आणि भाडेपट्ट्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ ह्या नावाखाली घरे देण्याची पद्धत पडली. हा भाडेपट्टा नव्हे, केवळ राहण्याची परवानगी होय, असे कागदावर लिहिले की भाडेनियंत्रण टळे. ह्या पळवाटेमुळे असंख्य कुटुंबे उघड्यावर येण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा विधिमंडळाने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक ताब्यात होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण दिले. पण त्यामुळे मालक अधिकच सावध झाले.

शेवटी प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. प्रमाण भाडे १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व अन्यायकारक झाल्या आहेत, असे मत न्यायालयाने नोंदविले. तथापि त्या एकदम रद्द केल्या नाहीत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपत होती व राज्य सरकार नवा कायदा करण्याच्या विचारात होते, म्हणून तो करण्याचे काम विधिमंडळावर सोपविले. एखादा कायदा जन्माच्या वेळी न्याय्य असला तरी परिस्थिती पालटल्यावर तो अन्याय्य होऊ शकतो, हा ह्या निकालाचा मथितार्थ होय. आमच्या मते ह्या सर्व इतिहासातील सर्वांत मोठा धडा हाच आहे.

आजचा कायदा काय म्हणतो

त्यानंतर तिन्ही जुने कायदे रद्द करून ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ करण्यात आला आणि तो दिनांक ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आमच्या भागाचा १९५४ चा हैदराबाद कायदा त्या दिवशी संपला. एका राज्यास एक भाडेकायदा मिळण्यास पुनर्रचनेपासून त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातील जे भाग सामान्य माणसास ठाऊक असावेत ते येथे देतो.

जुन्या कायद्यांखाली न्यायालयाने वा भाडेनियंत्रकाने प्रमाण भाडे ठरविले असेल, तर ते अधिक शेकडा पाच हे नवे प्रमाण भाडे. तसे ठरलेले नसेल तर १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडे होते, अथवा त्या दिवशी घर भाड्याने दिलेले नसल्यास त्यापूर्वी शेवटचे जे भाडे होते, ते अधिक शेकडा पाच. पुढे कलम ११ अन्वये मालकास दर वर्षी शेकडा चार वाढ घेण्याचा हक्क आहे. उदाहरणार्थ, १ ऑक्टोबर १९८७ रोजी खोलीचे भाडे १०० रुपये असेल, तर प्रमाण भाडे १०५ रुपये झाले, आणि पहिल्या वर्षाची वाढ ४ रुपये २० पैसे धरता भाडे १०९ रुपये २० पैसे झाले. लोकांच्या तोंडी असलेले ‘शेकडा चार’ ते हेच. ह्याखेरीज मालकाने घरात सुधारणा केली, तीस सत्तर टक्के भाडेकरूंनी लेखी संमती दिली असेल, तर त्या खर्चाच्या वार्षिक शेकडा पंधरापर्यंत वाढ घेता येते. स्थानिक संस्थेचे कर वाढल्यास त्यापोटीही वाढ मिळते. प्रमाण भाड्याबद्दल उभय पक्षांत वाद पडला तर ते ठरविण्याचा अधिकार कलम ८ ने न्यायालयास दिला आहे.

भाडेकरू नियमाने भाडे व मान्य वाढ देत असेल, तर त्यास केवळ मालकाच्या मर्जीने काढता येत नाही. भाडे थकले तरी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस गेल्यावाचून दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी शेकडा पंधरा सरळ व्याजाने न्यायालयात भरली, तर थकबाकीच्या कारणाने त्यास घर सोडावे लागत नाही. मालकास घर स्वतःसाठी खरोखरच हवे असणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे अशी कारणे मात्र कायद्याने मान्य केली आहेत, आणि ती मालकाने न्यायालयात सिद्ध करावयाची असतात. भाडेकरूस हुसकण्यासाठी पाणी वा वीज तोडण्यास कायद्याची मनाई आहे. पावती देणे मालकाचे कर्तव्य आहे. घराची आवश्यक दुरुस्ती मालकाने करावयाची. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ती न केल्यास भाडेकरूस स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र तो वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नसावा.

आता त्या अर्ध्या सत्याच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. ‘शेकडा चार’ची ही मर्यादा भाडेकरूसाठी आहे, लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यासाठी नव्हे. परवान्याचे शुल्क किती व त्यात वाढ किती हे करारात जे लिहिले असेल तेच. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने खोली सोडली नाही, तर कलम २४ अन्वये मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळविता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्काची जबाबदारी राहणाऱ्यावर येते. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी त्याच्या मथळ्यावर काय लिहिले आहे हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. एका शब्दाच्या फरकाने सगळे हक्क बदलतात.

तिसरी गोष्ट अशी की, हा अधिनियम राज्यातील प्रत्येक गावास सरसकट लागू नाही. त्याच्या अनुसूचींत जी क्षेत्रे नमूद आहेत त्यांस तो लागू होतो, आणि अन्य क्षेत्रांस तो लागू करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. आपली खोली ज्या ग्रामपंचायतीच्या वा नगराच्या हद्दीत येते ते क्षेत्र त्यात समाविष्ट आहे किंवा कसे, हे जाणकार वकिलाकडून प्रथम पाहून घ्यावे. जेथे तो लागू नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम चालतो, आणि त्यात महिन्याच्या बोलीवरील भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपविता येतो. तेथे वाढीची मर्यादा ही करारात लिहून घेतली तरच मिळते.

वाळूजचा प्रश्न

गंगापूर तालुक्यातील आमच्या ह्या शेतकरी गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली आणि चित्र पालटले. दिनांक ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग ह्यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. मागोमाग लहानमोठे अनेक कारखाने उभे राहिले. मराठवाडा-विदर्भातील कोरडवाहू गावांतून, आणि पुढे बिहार-उत्तर प्रदेशातूनही, तरुण कामासाठी येऊ लागले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी ह्या वस्त्या व गावे भाडेकरूंनी भरून गेली. ज्यांची शेती वसाहतीत गेली, त्यांनी उरलेल्या जागेत पत्र्याच्या वा स्लॅबच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. शेती गेल्यावर खोल्यांचा किराया हेच त्यांचे पीक झाले.

ग्लासगोस १९१५ मध्ये आणि मुंबईस १९१८ मध्ये जे घडले तेच लहान प्रमाणावर येथे घडले, असे आम्हांस वाटते. कारखाना आधी आला, माणसे मागून आली, आणि घरे सर्वांत शेवटी आली. अशा ठिकाणी भाडे चढते ह्याचे नवल नाही. येथील विशेष एवढाच की, मालक आणि भाडेकरू पुष्कळदा एकाच समाजाचे, कधी एकाच आडनावाचे, कधी सोयरे असतात. भाच्याने मामाच्या खोलीत राहावे आणि अकरा महिन्यांनी पाचशे रुपयांच्या वाढीवरून दोन्ही घरांचे येणेजाणे बंद व्हावे, अशी उदाहरणे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. नात्यात कागद करणे लोकांस अपमान वाटतो. नोकरीत असताना बदलीच्या गावी आम्हीही किरायाने राहिलो. पावती मागितली की, ‘‘गुरुजी, विश्वास नाही का?’’ असा प्रश्न येई. आमचे मत असे की, पावती ही विश्वास नसल्याची खूण नव्हे. दोन माणसांच्या विश्वासाचे स्मरण राहावे म्हणून ती असते, कारण माणसाची स्मृती वर्षभरात फिरते.

अकरा महिन्यांच्या कागदाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. एक वर्षाहून कमी मुदतीचा करार नोंदवावा लागत नाही, असे लोक समजतात. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु जेथे १९९९ चा अधिनियम लागू आहे, तेथे कलम ५५ अन्वये भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी असून नोंदविलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर, विरुद्ध पुरावा नसल्यास, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे मानले जाते. म्हणजे जो मालक खर्च वाचविण्यासाठी नोंदणी टाळतो, तो स्वतःच्याच हाताने आपली बाजू लंगडी करतो.

अनामतीचाही प्रश्न असाच आहे. १९९९ च्या अधिनियमाने अनामत वा अधिमूल्य घेण्यास मुभा दिली, परंतु तिची कमाल रक्कम ठरविली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार अधिनियम संमत केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे आहे, आणि करारात ठरल्यावाचून मुदतीच्या मध्येच भाडे वाढवू नये असेही आहे. परंतु तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना होय. राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केल्यावाचून त्याचा आधार कोणास घेता येत नाही.

समाजास विनंती

हा सर्व इतिहास सांगून आम्हांस समाजबांधवांपुढे दोन गोष्टी ठेवावयाच्या आहेत. पहिली घरमालकांस. आपण पोटाला चिमटा घेऊन खोल्या बांधल्या, कर्ज काढले, हे खरे. दुरुस्तीपुरते व हप्त्यापुरते भाडे मिळालेच पाहिजे. मुंबईच्या गोठलेल्या भाड्यांनी मालकांबरोबर भाडेकरूंचेही छप्पर पाडले, हे आपण वर पाहिले. परंतु वाढ किती होणार हे आधी न सांगता वर्षअखेरीस अचानक मागणे, हे कारखान्यातील कंत्राटी पोरास उघड्यावर टाकणे आहे. त्याचा पगार कंत्राटदाराच्या हातात, मुलाची शाळा जवळच्या गल्लीत. तो एका महिन्यात कोठे जाणार?

दुसरी भाडेकरूंस. कायद्याचे एक कलम ऐकून भांडणास उभे राहू नये. आपला कागद भाडेपट्ट्याचा की परवान्याचा, आपले क्षेत्र अधिनियमात येते किंवा नाही, आणि वाढीचे कलम काय म्हणते, हे आधी पाहावे. भाडे वेळेवर द्यावे व पावती घ्यावी. ज्याच्यापाशी पावत्या आहेत त्याचे म्हणणे न्यायालयातही ऐकले जाते आणि पंचांतही.

मंडळानेही थोडे करावे अशी आमची सूचना आहे. सोप्या मराठीत एक नमुना करार छापावा. त्यात मूळ भाडे, अनामत, वर्षाची वाढ, वीज व पाण्याचा हिशेब आणि खोली सोडण्याची सूचना किती दिवसांची, हे पाच रकाने ठळक असावेत. छापील पावतीपुस्तके अल्प किमतीत द्यावीत. वर्षातून एक दिवस जाणकार वकिलास बोलावून दोन्ही पक्षांस एकत्र बसवावे. आणि समाजाच्या मालकांनी आपसांत ठरवून, कायदा लागू असो वा नसो, वर्षाची वाढ आधीच लेखी सांगावी व मुदतीच्या मध्ये ती बदलू नये, एवढा एक नियम पाळावा.

सरकारास नियम करण्यास, मोडण्यास आणि पुन्हा करण्यास १९१८ पासून २००० पर्यंत ब्याऐंशी वर्षे लागली. आपल्या समाजास आपला नियम करण्यास एक बैठक पुरे आहे. ती बैठक ह्या वर्षी व्हावी, अशी सर्व बांधवांस नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.